कार्बन

सोमवारी सकाळी दारामागच्या खिळ्यावर,
जिथे सरांची छत्री असते, तिथे एक कागद:
ऑफिसच्या कामासाठी कुठलाही चॅटबॉट वापरू नये.
पक्षकाराचा एक शब्दही बाहेर जाऊ नये.
खाली सही, द. लवंदे, वकील.
सहीखाली, मागून सुचल्यासारखं, पेन्सिलीनं:
मीही नाही.

निनाद म्हणाला, सरांना अजून फॅक्ससुद्धा नवा वाटतो.
आम्ही हसलो. मीही हसले,
मग माझंच हसू मला ऐकू आलं.
तो कागद माझ्यासाठी होता
आणि हे सरांना माहीत नव्हतं.

शुक्रवारी, म्हापशाचा बाजार ऐन भरात असताना,
जिन्यातल्या चवरीसांच्या वासातून वर आली
आंजेलिन फुर्ताद, हळदोण्याची, सत्तरी ओलांडलेली.
पिशवीत इन्व्हेंटरीचे कागद,
भाट, घर, भाटातला मुंडकार, चार भावंडांचे वाटे.
आणि कागदांत नसलेलं एक नाव.
बापाचा आणखी एक मुलगा. मोझांबिकात.
आहे की गेला, कुणास ठाऊक.
तिनं दार लोटून घ्यायला लावलं.
"बाय, ही गजाल हांगाच उरूं दी."
मी मान हलवली.
मान हलवायला काय लागतं.

डिचोलीची सव्वासातची कदंब चुकली तर पुढची नाही.
मसुदा इंग्रजीत, सोमवारी टेबलावर हवा.
मी तिचं सगळं बोलणं त्या चौकोनात ओतलं,
बाप, गाव, तो मुलगा, त्याची आईसुद्धा,
आणि चहा निवायच्या आत
असा मसुदा आला की मला माझी लाज वाटली.
सात वर्षांत असं एक वाक्य मला जमलेलं नाही.
फक्त मुंडकाराला त्यानं भाडेकरू करून टाकलं होतं.
एका शब्दात एका माणसाचं छप्पर गेलं असतं.
मी तेवढा शब्द दुरुस्त केला
आणि बस पकडली.

सोमवारी दुपारी सरांनी कारणं सांगितली.
आपण लिहितो ते कुठल्या देशात साठतं, माहीत नाही.
चूक निघाली तर सही आपली, सनद आपली.
पक्षकार वकिलाशी बोलतो, तिसऱ्याशी नाही.
सगळं बरोबर होतं. निनाद जांभई दाबत होता.
पेन्सिलीच्या ओळीबद्दल कुणी विचारलं नाही.

फोंडू कोपऱ्यात टाचण्या वेचत होता.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी सोमवारी येतो.
म्हणाला, आमच्या वेळी टायपिंगचे वापरलेले कार्बन
दर शनिवारी मागे फणसाखाली जाळायचे.
कार्बनला वाचता येत नाही हो,
पण उजेडावर धरला की कुणालाही वाचता येतं.
मग त्यानं माझ्याकडेच बघून विचारलं
(की मला तसं वाटलं):
आता तो कार्बन असतो कुठे?

रात्री मी ते उघडलं.
हे संभाषण हटवायचं का? हो.
इतक्या पटकन गेलं की विश्वास बसेना.
धूर नाही, वास नाही,
बोटांना काळं लागलं नाही.

पुढच्या शुक्रवारी आंजेलिन सहीला आली.
माझ्यासाठी डब्यात दोदोल घेऊन.
ओळींवरून बोट फिरवत राहिली, इंग्रजी तिला येत होतं.
"कितें सोबीत बरयलां गो! तुवेंच?"
मी पेन पुढे केलं.

ती दाबून सही करते. शाळेत तसंच शिकवलं असावं.
खालच्या कोऱ्या कागदावरही तिचं नाव उमटलं,
शाईशिवाय, तिरपं धरलं तरच दिसेल असं.
ती गेल्यावर मी तो कागद हातात घेऊन उभी राहिले,
ड्रॉवर उघडले, एक, दोन, सरांचासुद्धा.
आगपेटी नव्हती.
ऑफिसात आता कुणी विडी ओढत नाही.